समीकरण की ‘सगळी बरोबर’ धरायची?

दादरच्या क्लासांत हे गणित हमखास भेटतं: 60 प्रश्न, बरोबरला 4 गुण, चुकीला वजा 1, सगळे सोडवले, मिळाले 130. चुकले किती?

समीकरणवाले बरोबर उत्तरं क्ष, चुका य धरून मांडतात: क्ष + य = 60, 4क्ष − य = 130. बेरीज केली की 5क्ष = 190, क्ष = 38, चुका 22. बिनचूक, पण कच्चं काम आलंच.

दुसरी रीत: सगळी बरोबर धरा. 240 व्हायचे, 110 कमी पडले. इथेच पोरं घसरतात, 4 ने भागायला जातात. अहो, चुकलं की हातचे 4 जातात, वर 1 कापला जातो. फटका 5 चा. 110 भागिले 5, 22. लोकलमध्ये उभ्याउभ्या होतं, माझं मत हिलाच. काही प्रश्न कोरे ठेवले असतील तर मात्र समीकरण बरं, कारण कोऱ्याचा फटका 4 चाच.