चार मीटरच्या आतली एसयूव्ही: नवी घ्यावी की वापरलेली?

आमच्या घरी गाडी बदलण्याचा विषय निघाला तो सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. बारा वर्षे वापरलेल्या आमच्या छोट्या गाडीत बसताना त्यांना पाटावर बसल्यासारखे खाली वाकावे लागे, आणि उतरताना कुणाचा तरी हात धरल्याशिवाय उठता येत नसे. शोरूममध्ये एका उंच गाडीत त्या पहिल्यांदा बसल्या तेव्हा दार उघडेच ठेवून म्हणाल्या, "अगं, ही तर खुर्चीसारखी आहे, हिच्यात बसायला वाकायचं नाही आणि उतरताना उठायचंही नाही." आसनाची उंची कमरेच्या पातळीला असणे हा या प्रकारच्या गाड्यांचा सर्वांत मोठा गुण आहे, असे माझे मत त्याच दिवशी झाले. घरात ज्येष्ठ माणसे असतील, तर सनरूफ आणि मोठा पडदा बघण्यापूर्वी त्यांना मागच्या आसनावर दोन-तीनदा बसवून-उठवून पाहावे, असे मी आवर्जून सांगेन.

या गाड्यांचा आकार ठरला आहे तो करामुळे. लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंत असेल, तर गाडी कमी कराच्या गटात बसते. 22 सप्टेंबर 2025 पासून या गटावरचा जीएसटी 18 टक्के झाला आणि त्याबाहेरच्या गाड्यांवर 40 टक्के. त्याआधी उपकर धरून छोट्या पेट्रोल गाडीवर 29 टक्के आणि छोट्या डिझेल गाडीवर 31 टक्के कर होता. म्हणजे मूळ किंमत 100 रुपये धरली, तर पूर्वी 129 किंवा 131 रुपयांना मिळणारी गाडी आता 118 रुपयांना मिळते. पेट्रोलवर सुमारे साडेआठ टक्के आणि डिझेलवर जवळजवळ दहा टक्के किंमत एका दिवसात उतरली. वापरलेली गाडी विकणारे मात्र अजूनही स्वतःच्या जुन्या पावतीवरून भाव सांगतात. "मी साडेबारा लाख मोजले होते" हे वाक्य मी दोन महिन्यांत किमान सहा जणांकडून ऐकले. त्यांनी काय मोजले याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तीच गाडी आज नवी घेतली तर ऑन-रोड किती पडेल, हा आकडा हातात ठेवूनच बोलणी सुरू करावीत.

या हिशेबातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही 3एक्सओ, कायलॅक या गाड्यांची पेट्रोल इंजिने 1200 सीसीच्या आत आहेत, त्यामुळे त्यांच्या नव्या किमती चांगल्याच खाली आल्या. या गाड्यांपैकी दोन वर्षे वापरलेली गाडी घेण्यात आता फारसा अर्थ राहिलेला नाही. थोडी भर घालून वॉरंटीसह नवी घरी येते. ब्रेझाचे मात्र वेगळे आहे. तिची लांबी 3995 मिलिमीटर असली तरी पेट्रोल इंजिन 1462 सीसीचे आहे, त्यामुळे ती जास्त कराच्या गटात जाते. तिच्यावरचा कर 45 वरून 40 टक्क्यांवर आला, म्हणजे कपात जेमतेम साडेतीन टक्क्यांची. नव्या ब्रेझावरचा हा जड कर पहिल्या मालकाने आधीच भरून टाकलेला असतो आणि तीन वर्षांत गाडीची किंमत घटलेली असल्याने त्यातला बराच पैसा आपला वाचतो. बाराशे सीसीच्या आतली असेल तर नवी, दीड लिटर पेट्रोल हवी असेल तर वापरलेली, असा आमचा निर्णय हळूहळू घडत गेला.

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वस्तीत, महाराज बाडा या चौकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना ओटे आहेत आणि एका वळणावर जुन्या वाड्याच्या दगडी कोपऱ्याने पाऊण फूट रस्ता खाल्लेला आहे. मी तिथे शिलाईची टेप घेऊन गेले आणि मोजले: 2 मीटर 16 सेंटिमीटर. कंपन्या गाडीची जी रुंदी छापतात ती आरसे सोडून असते. 3एक्सओची रुंदी 1821 मिलिमीटर, नेक्सॉनची 1804, ब्रेझाची 1790. कागदावर तीन सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण दोन्ही आरसे उघडे असताना आमच्या त्या कोपऱ्यावर तेवढाच फरक महत्त्वाचा ठरतो. जुन्या लष्करात किंवा नव्या सडकेच्या आसपास राहणाऱ्याने शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हवर समाधान मानू नये, गाडी आपल्या दारापर्यंत आणायला लावावी. आमच्याकडे त्यांनी ती आणली आणि एक गाडी त्या वळणावरूनच परत गेली.

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ग्वाल्हेरची एक खास अडचण आहे, ती म्हणजे दिल्ली जवळ असणे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. त्याच्या अंमलबजावणीत पुढे फेरफार होत गेले, पण त्या धाकाने तिकडचे मालक आठव्या-नवव्या वर्षीच डिझेल गाडी काढून टाकतात आणि तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र (एनओसी) घेऊन ती आमच्यासारख्या शहरांत विकायला येते. भाव आकर्षक असतो, रंग चकचकीत असतो. मात्र तिची इथे नव्याने नोंदणी करायची, राज्याचा कर भरायचा आणि दिल्लीतला कर परत मागण्यासाठी खेटे घालायचे, हे सगळे धरले की तो भाव तितकासा स्वस्त राहत नाही.

अशाच एका गाडीने आम्हाला जवळजवळ फसवले. 2017 ची डिझेल गाडी होती, ओडोमीटरवर 62,000 किलोमीटर होते. विक्रेत्याने गाडी इतकी स्वच्छ करून ठेवली होती की इंजिनावर धूळ म्हणून नव्हती. ह्यांनी बोनेट उघडून पाहिले आणि पसंती दिली. मी चालकाच्या बाजूला खाली वाकून पाहिले तर क्लचच्या पेडलचे रबर मधोमध झिजून आतला लोखंडी पत्रा चमकत होता, आणि ब्रेकचे रबर मात्र कोरे करकरीत होते. बासष्ट हजारांत पेडल इतके झिजत नाही. आम्ही चासी क्रमांक टिपून घेतला, कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये ओळख काढून जुनी नोंद विचारली, तर दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला 1,12,000 किलोमीटर लिहिलेले निघाले. विक्रेत्याला सांगितले तेव्हा त्याने "नोंदीत चूक झाली असेल" एवढेच म्हटले आणि आमचे बयाण्याचे पैसे परत करायला तीन आठवडे लावले. त्या दिवसापासून मी कुठलीही गाडी पाहताना आधी पेडल, मग स्टिअरिंगचा घासलेला भाग आणि मग चालकाच्या आसनाची बाहेरची कड बघते. सीटबेल्टही शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीचा पट्टा धुतला तरी आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. स्टेपनीच्या खाली हात घालून गंज आणि ओल तपासावी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. कमी चालली म्हणून सांगितलेल्या गाडीचे चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे निघाले, तर ती गोष्ट पटण्यासारखी नसते.

डिझेलचा विचार आम्ही त्यानंतर सोडून दिला, आणि त्यामागे केवळ तो अनुभव नव्हता. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी आतल्या आत जाळून टाकायला धुराचे तापमान काही वेळ सतत चढे राहावे लागते, आणि ते मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने गेल्याशिवाय होत नाही. आमचे रोजचे जाणे लष्कर ते मुरार आणि परत, तेही थांबत-थांबत. अशा वापरात गाळणी तुंबते आणि तिचा खर्च मोठा असतो. ज्यांना आठवड्यातून दोनदा आग्रा किंवा झाशी गाठावी लागते, त्यांच्यासाठी दीड लिटरचे डिझेल आजही उत्तम आहे, हे मी मनापासून सांगते.

चाचणीसाठी ग्वाल्हेरकराला किल्ल्याइतकी चांगली जागा नाही. उरवाई दरवाजातून वर जाणारा रस्ता अरुंद, वळणाचा आणि चांगलाच चढाचा आहे. चार माणसे बसवून, एसी चालू ठेवून, दुपारी निघावे आणि कडेला खडकात कोरलेल्या जैन मूर्ती दिसू लागल्या की मागे कुणी नाही असे पाहून गाडी मुद्दाम थांबवावी. मग पुन्हा उचलावी. क्लचचा जळका वास येतो का, गाडी मागे घसरते का, एसीची हवा कोमट होते का, हे सगळे त्या अर्ध्या मिनिटात कळते. टर्बो, म्हणजे जादा हवा दाबून भरणारी छोटी इंजिने एकदा फिरू लागली की चढावर जोमदार आहेत, पण अगदी थांबल्या जागेवरून निघताना टर्बोला जोर धरायला क्षणभर लागतो आणि माझ्यासारख्या बेताच्या चालकाला त्या क्षणी धाकधूक वाटते. चार सिलिंडरांचे साधे दीड लिटर इंजिन तिथे शांतपणे निघते.

अखेरीस दिवाळीनंतर आम्ही 2022 ची ब्रेझा घेतली, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची, सर्वांत वरच्या प्रकारातली. वरच्याच प्रकारासाठी आम्ही अडून बसलो, कारण त्या वर्षी सहा एअरबॅगा फक्त त्यातच होत्या. खालच्या प्रकारांत दोनच मिळत. 2025 पासून त्या सगळ्याच प्रकारांत आल्या, पण वापरलेली घेणाऱ्याने हा फरक विसरू नये. गाडीचे पहिले मालक ठाटीपूरमध्ये राहणारे निवृत्त बँक अधिकारी, ह्यांच्या मामांच्या ओळखीचे. 31,000 किलोमीटर, प्रत्येक सर्व्हिसची पावती तारखेनुसार लावलेली, चारही टायर एकाच महिन्याचे. त्यांनी दहा लाख सांगितले, आम्ही नव्या गाडीचा त्या आठवड्याचा दर समोर ठेवला, चहा झाला आणि नऊ लाख पस्तीस हजारांवर बोलणे मिटले. पुढे मेळा येतोच आहे, असे मी सहज म्हटले होते, त्याचाही उपयोग झाला असावा. ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात राज्य शासन अलीकडच्या वर्षांत नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये निम्मी सूट देत आले आहे, गाडीची नोंदणी इथल्याच आरटीओत करण्याच्या अटीवर. त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर वापरलेल्या गाडीचा विक्रेता थोडा नरम असतो. नवीच घ्यायची असेल तर मेळ्यापर्यंत थांबणे निश्चितच फायद्याचे, मात्र सवलतीचा आदेश निघाल्याची खात्री झाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30, कर्ज फेडलेले असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म 35, आणि गाडी दुसऱ्या राज्यातली किंवा दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. विम्याचे नाव 14 दिवसांत बदलून घ्यावे. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिणारी सूट, हा मालकाचा असतो, गाडीबरोबर तो येत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढतो. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर थकलेली चलने पैसे देण्यापूर्वीच पाहावीत.

आतापर्यंत साडेतीन हजार किलोमीटर झाले. शहरात लिटरला 14 आणि झाशीच्या महामार्गावर 18 च्या पुढे अ‍ॅव्हरेज मिळते. डिकी 328 लिटरची आहे, नेक्सॉनची 382 आणि कायलॅकची 446 लिटरची असल्याने लग्नकार्याच्या सामानाला ती कमी पडते, हे खरे. चारही बाजूंचा कॅमेरा मला सुरुवातीला चैन वाटत होता; आमच्या दगडी कोपऱ्यावर मी आता त्याच्याशिवाय वळत नाही. सनरूफ पडदा लावून बंद आहे, आणि जूनपर्यंत तो तसाच राहील. एका गोष्टीची चिंता मात्र आहे. ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालणारे सुटे भाग एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत अनिवार्यपणे आले आणि आमची गाडी त्याआधीची. म्हणून पहिल्याच सर्व्हिसला इंधनाच्या नळ्या आणि रबरी जोड काढून पाहायला लावले. सगळे ठीक निघाले. पुढची तपासणी मेच्या आधी करून घ्यायची आहे, एसीचा गॅस आणि कूलंट त्याच वेळी, कारण गाडी उन्हात उभी असते आणि सासूबाईंना दुपारी साडेचारला देवळात जायचे असते.