मालदीवची म्हणून घेतलेली लारी

वीस वर्षं नाणी जमवतोय, तरी या उन्हाळ्यात साडेअठरा हजार रुपयांना फसलो. जुनी चांदीची नाणी फोटो पाहून घेणाऱ्यांनी एवढं वाचाच.

लारी म्हणजे जुनं चांदीचं नाणं, पण ते गोल नसतं. चांदीची तार मधोमध दुमडायची, थोडी चेपायची आणि वर अक्षरांचा ठसा मारायचा, की झालं नाणं. नाव इराणातल्या लार गावावरून पडलं. विजापूरच्या आदिलशाहीनेही लाऱ्या पाडल्या. त्या आपल्या कोकणात सापडल्या आहेत, म्हणून मला या नाण्याची ओढ. पण मन खरं अडकलं होतं मालदीवच्या लारीत. 1602 मध्ये पिरार्ड नावाच्या फ्रेंच माणसाचं जहाज तिथे फुटलं आणि तो 1607 पर्यंत बेटांवर अडकून पडला. त्याने लिहून ठेवलंय की तिथला राजा अरबी अक्षरांत आपलं नाव घालून लाऱ्या पाडतो, आणि सुट्टे हवे असले की लोक चांदी कापून, तोलून देतात. नाहीतर कवड्या मोजायच्या, एका लारीला बारा हजार! आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, पण मालदीवच्या कवड्या जहाजं भरून बंगालात जात आणि बदल्यात तांदूळ येई. आजही तिथल्या चलनात शंभर लारींचा एक रुफिया होतो.

विक्रेत्याने नेमकी हीच गोष्ट मला ऐकवली. एक अख्खी लारी आणि एक कापलेला तुकडा असा जोड होता त्याच्याकडे. “काका, हा सुट्ट्यांसाठी कापलेला. असा तुकडा कुठे बघायला मिळणार नाही. दोन गिऱ्हाइकं थांबलीत, तुम्ही जाणकार म्हणून आधी तुम्हाला विचारलं.” कुठून आल्या विचारलं, तर म्हणाला, विहीर खणताना सापडल्या. मी तिथेच थांबायला हवं होतं. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. हे मला माहीत होतं, तरी पैसे पाठवले. त्या कापलेल्या तुकड्याने माझा निश्चय डळमळला.

पार्सल आलं तेव्हा पहिली शंका वजनाची आली. अख्खी लारी साधारण पावणेपाच ग्रॅम भरते, ही भरली 3.9. झिजली असेल म्हणावं, तर अक्षरांच्या कडा करकरीत. मग भिंग घेऊन बसलो. अख्ख्या लारीवर ठशाच्या शेवटच्या अक्षराखाली एक तिरकी खाच होती. तुकड्यावरही त्याच जागी, तेवढीच तिरकी खाच. हाताने ठसा मारलेल्या दोन तारांवर असं तंतोतंत जुळणं अवघड. दोन्ही एकाच साच्यातून ओतलेल्या होत्या.

तुकड्याचं कापलेलं तोंड तर बाकी अंगाइतकंच गुळगुळीत आणि पांढरं होतं, म्हणजे आधी कापला आणि मग मुलामा दिला. खात्रीसाठी ओळखीच्या सोनारांकडे गेलो. त्यांनी टंच काढायच्या आधी कानस फक्त दोनदा फिरवली. आत पिवळं दिसलं, पितळ. त्यांनी काही न बोलता तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

घेण्याआधी वजनकाट्यावर ठेवलेला फोटो मागा, आकडा दिसेल असा. कडांचे आणि टोकांचे फोटो मागा. देत नसेल तर पुढे बोलू नका. ‘आजच ठरवा’ म्हणणाऱ्याला आठवडाभर थांबवा. आणि पैसे गेल्याचं कळलं की त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. माझे अकरा दिवस लाजेत गेले. तोवर पैसे दुसऱ्या खात्यांत पोचले होते, आणि विक्रेत्याचा नंबर बंद झाला होता.

परवा एका नव्या नावाखाली लारी विकायला आलेली दिसली, ‘मालदीव, अतिशय दुर्मीळ’. फोटो मोठा करून पाहिला. शेवटच्या अक्षराखाली तीच तिरकी खाच आहे.