हे हे राइज अप : पिंक फ्लॉइडचं युक्रेनसाठीचं गाणं

ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडचं एप्रिल २०२२ मध्ये आलेलं हे साडेतीन मिनिटांचं गाणं उभं आहे ते आंद्री ख्लिव्हन्यूकच्या आवाजावर. युक्रेनच्या बूमबॉक्स बँडचा हा गायक फौजी वेशात, बंदूक घेऊन, कीव्हच्या सोफिया चौकात १९१४ सालचं युक्रेनी गीत गातो. ते गायन थेट त्याच्या इन्स्टाग्रामवरच्या व्हिडिओतून घेतलंय. तिथे साथीला एकही वाद्य नाही. अशा मोकळ्या गळ्यावर मागाहून ड्रम बसवणं अवघड, कारण गाणारा थांबेल तिथे वाजवणाऱ्यालाच जुळवून घ्यावं लागतं. पिंक फ्लॉइडचा ड्रमवादक निक मेसन घाई करत नाही, श्वासाला जागा सोडतो. शब्द संपले की बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मरचं गिटार अक्षरशः टाहो फोडतं! बेसवर गाय प्रॅट, कीबोर्डवर आपल्या भारतीय वंशाचे नितीन साहनी. पण कीबोर्ड फारच मागे राहिलाय, ही खंत आहे. मोबाइलच्या स्पीकरवर बेस तर गायबच होतो, हेडफोन लावूनच ऐका.

लाल फळांचं झुडूप वाकलंय, ते आपण उभं करू, असं मूळ गीत सांगतं. शीर्षक त्याच्या शेवटच्या ओळीतून आलंय. जुलै २०२२ मध्ये सात इंची रेकॉर्ड आणि सीडीही निघाली. मिळकत युक्रेनमधल्या मदतकार्याला.