मुर्नाऊ ते ओबरअमरगाऊ: एका ट्रॅक्शनवाल्याचा अभिप्राय

म्युनिकला मुलीकडे आलेल्या आईवडिलांना ओबरअमरगाऊ हे गाव दाखवायचंच, असा इथल्या मराठी घरांत जणू दंडक आहे. रंगवलेल्या भिंती, लाकडी कोरीवकाम, दर दहा वर्षांनी होणारं येशूच्या छळाचं नाटक. जावई कार काढतात. माझं म्हणणं, कार राहू द्या. म्युनिकहून गार्मिशच्या गाडीने तासाभरात मुर्नाऊ येतं, तिथे उतरा आणि ब्रँच लाईनची गाडी पकडा. गाव काय, बघून होतंच. खरी मजा या लाईनीत आहे.

माझी सगळी नोकरी ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे कल्याणच्या विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये गेली, त्यामुळे माझं लक्ष आधी वर तारेकडे जातं. आपल्याकडे बोरीबंदर-कुर्ला विजेवर धावली 1925 साली, डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. ही जेमतेम 24 किलोमीटरची एकेरी खेड्यातली लाईन 1905 पासून विजेवर आहे, तीही सिंगल फेज एसीवर, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या विजेवर! साधारण साडेपाच हजार व्होल्ट, 16 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 16 आवर्तनं. एवढी कमी फ्रिक्वेन्सी का, तर त्या काळच्या मोटरला जास्त फ्रिक्वेन्सी दिली की कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागाला ब्रशमधून वीज जिथे मिळते तिथे, ठिणग्या उडायच्या. वीज यायची जवळच्याच अमर नदीवरच्या काम्मर्लच्या जलविद्युत केंद्रातून. पुढे जर्मनीने 15 हजार व्होल्ट आणि 16 पूर्णांक दोन तृतीयांश हर्ट्झ ठरवले, ही लाईनही 1950 च्या दशकात त्यावर आली. जुन्या इंजिनांना बायकांची नावं होती, एकीचं कॅथरिना. आमच्या शेडमध्ये असं केलं असतं तर नावांवरून युनियनची मीटिंग लागली असती.

ओबरअमरगाऊला जाताना डाव्या हाताला बसा. मुर्नाऊ सुटलं की त्या बाजूला मुर्नाऊअर मोसची अफाट दलदल आणि तिच्यामागे आल्प्स. श्टाफेलझे तलाव उजवीकडे. त्यासाठी मान वळवली तरी भागतं. पुढे बाड कोलग्रुब, झाउलग्रुब, उंटरअमरगाऊ, मध्ये कुरणं आणि गाई. एकूण चाळीसेक मिनिटं. वेग म्हणाल तर आपली स्लो लोकल पुढे जाईल. पण वळणं बघा आणि रूळ बघा, घाई कसली?

एक गोष्ट आमच्या रेल्वेवाल्यांना खास आवडेल. आपल्याकडे फाटकाआधी पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’, म्हणजे सीटी/फाटक, असतं ना, तशी इथे पाटी असते, तिच्यावर नुसतं ‘पी’ अक्षर. ती दिसली की भोंगा. मी काचेला नाक लावून पाट्या शोधत होतो आणि सौ. माझ्याकडे बघत होत्या.

आता कामाचं. दरवाजा आपोआप उघडेल म्हणून उभे राहू नका, बटण दाबावं लागतं. तिघं-चौघं असाल तर बायर्न-तिकीट घ्या, पाच जणांपर्यंत चालतं. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. गाडी साधारण तासाला एक, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा. खाण्याचा डबा घरून न्या, गाडीत काही मिळत नाही.

आणि 2030 च्या उन्हाळ्यात नाटकाचा मोसम आहे. नाटकाचं तिकीट नसेल तर तेव्हा या लाईनीच्या वाटेला जाऊ नका, खिडकी मिळणं कठीण.