कोरींसाठी फिल्टरची वाळू: २५ किलोची गोणी आणि चार महिन्यांचा अनुभव

आमच्या माशांच्या टाकीतल्या सहा कोरींच्या (कोरिडोरस, तळाला राहणारे छोटे मिशाळ मासे) मिशा आखूड झाल्यात हे आधी अण्णांच्या लक्षात आलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते टाकीसमोर बसतात. “अगं, यांच्या मिशा कुठे गेल्या?” म्हणाले. मी टॉर्च मारून बघितलं तर खरंच, तोंडाच्या कडेला नुसते लालसर खुंट उरले होते. मला फार अपराधी वाटलं, कारण तळाला ते निळे-पांढरे खडे मीच हौसेने घातले होते. मासा तळाला राहणारा आहे, हे चालतील का, असं दुकानात विचारलंही होतं. “सगळे हेच नेतात,” एवढंच उत्तर मिळालं.

खडे उपसले तेव्हा कारण हातात आलं. अर्धे खडे फुटलेले, कडा बोटाला लागतील अशा. आणि त्यांच्या फटींत सहा महिन्यांचं उरलंसुरलं खाणं कुजून काळपट राड झालेली. ज्या माशाचं तोंड दिवसभर तळाशी असतं, त्याच्यासाठी दोन्ही गोष्टी वाईट. जखम धारेने होते की घाणीतल्या जिवाणूंनी, यावर मासे पाळणाऱ्यांत वाद आहे. माझ्या टाकीत दोन्ही होतं.

मग वाळू शोधायला लागले. आमच्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू आहे, तिथली कच मुठीत घेऊन बघितली. ती काळा दगड फोडून केलेली असते, दाणा टोकदार, लगेच खुपतो. ती बाद. दिरांनी दापोलीहून समुद्राची वाळू आणून देतो म्हटलं. मागच्या सहलीची थोडी घरात होती, तिच्यावर व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे आले. शिंपल्यांचा चुरा. तो पाण्यात विरघळत राहतो, पाणी जड होतं आणि पीएच चढतो. टाकीतल्या झाडांसाठीची, मातीच्या गोळ्यांची अ‍ॅक्वासॉइल मला आवडते, पण ती महाग, सुरुवातीला अमोनिया सोडणारी, आणि कोरींनी सतत उकरल्यावर तिचे गोळे कुस्करतात.

शेवटी भोसरीत वॉटर फिल्टर प्लांटचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून सिलिका सँड आणली. स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये घालतात तीच. गोणीवर २०-४० मेश लिहिलेलं, म्हणजे दाणा साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटर. २५ किलोचे साडेतीनशे रुपये पडले. दुकानदाराने गोणी उघडून मूठभर हातावर दिली, ते मला आवडलं. तळहातावर चोळून बघितली: गोलसर दाणा, खरखर होती पण टोचत नव्हती. रंग फिका बदामी. पांढरीशुभ्र वाळू मी मुद्दाम टाळली. तिच्यावर उजेड फार परततो, आणि या माशांचे ठिपके तिच्यावर फिके पडतात.

आता तक्रारी. धुताना जीव मेटाकुटीला आला. तांदूळ धुतो तशी थोडी थोडी बादलीत घेऊन, हात फिरवून, गढूळ पाणी ओतायचं; एका खेपेला आठ-नऊ पाणी, तेव्हा कुठे निवळ दिसलं. पूर्ण रविवार गेला. शिवाय दाण्यांत बारीक काळे लोखंडी कण निघाले. फ्रिजवरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवला तर त्याला मिशीसारखे चिकटले. हे जरूर करा, नाहीतर ते कण पंपाच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. इतकं करूनही पहिले दोन दिवस टाकीत धूसर होतं, आणि तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर आला. पुसत राहिले, महिन्याभरात गेला.

आमची टाकी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद. दीड इंच थराला साधारण २० किलो लागली. याहून जाड थर कोरींना लागत नाही, आणि तो न हलवता राहिला तर आत हवा पोचत नाही, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. सायफन (तळाची घाण ओढायची नळी) वाळूत खुपसायचा नाही, वर बोटभर अंतरावर फिरवायचा. घाण वरच पडलेली असते. फिल्टरचं तोंड मी चार इंच वर घेतलं आणि त्यावर स्पंज चढवला. झाडं मात्र नुसत्या या वाळूवर नीट वाढणार नाहीत, तिच्यात पोषण काहीच नाही. माझी अनुबियास लाकडाला बांधलेली आहे म्हणून निभावलं.

बदलताना फिल्टर अजिबात धुतला नाही, आणि जुने थोडे खडे जाळीच्या पिशवीत घालून महिनाभर टाकीतच ठेवले, म्हणजे उपयोगी जिवाणू एकदम जात नाहीत. कोरींना जाळीने पकडू नका. त्यांच्या पंखातला काटा जाळीत अडकतो. मी वाडग्याने काढल्या.

पहिल्या संध्याकाळी जे दिसलं ते अण्णा आणि मी अर्धा तास बघत बसलो. एक कोरी डोळ्यांपर्यंत वाळूत घुसली, तोंड भरून वाळू घेतली, आणि दोन्ही कल्ल्यांतून तिच्या धारा खाली पडायला लागल्या. खाण्याजोगं तेवढं आत, बाकी बाहेर. खड्यांवर सहा महिन्यांत हे एकदाही दिसलं नव्हतं. तेवढे मोठे खडे ती तोंडात घेणार कशी? अण्णांना मी सांगितलं की ही ठिपकेवाली जात डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत दक्षिण अमेरिकेत गोळा केली होती आणि १८४२ मध्ये जेनिन्स या निसर्ग अभ्यासकाने तिचं वर्णन केलं. तेव्हापासून ते पाहुण्यांना आवर्जून सांगतात.

दोन महिन्यांत पाच जणींच्या मिशा परत आल्या. सहावीची डावी बाजू अजून खुंटच आहे. तिथे मुळापर्यंत झिजलं होतं, ती वाढेल असं मला वाटत नाही. खाते मात्र नीट. गोळी टाकली की बाकीच्यांच्या मागोमाग येते आणि उजव्या मिशीने चाचपत पोचते.

पाच गुण द्यायचे तर वाळूला साडेचार, अर्धा धुण्याच्या कष्टाचा कापला. पाच किलो उरली आहे, गॅलरीत झाकून ठेवली आहे. पुण्यात कुणाला लहान टाकीसाठी हवी असेल तर घेऊन जा, धुतलेली आहे.