हेडिंगचा नॉब आणि सात महिने: घरच्या ऑटोपायलट पॅनेलचा अनुभव

नॉब उजवीकडे फिरवला तरी बग, म्हणजे विमानाला कुठल्या दिशेला न्यायचं ते सांगणारी खूण, डावीकडे जातो, हे पहिल्यांदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. घरच्या संगणकावरच्या उड्डाण सिम्युलेटरवर, त्याला जोडलेलं ऑटोपायलट पॅनेल वापरून, जुहूहून शिर्डीला निघालो होतो. ऐरोलीची खाडी मागे पडत होती. नॅव्ह, म्हणजे आखलेल्या रेषेवरून न्यायचं बटण, दाबलं आणि हेडिंग बग ०२० अंशांवरून ०६८ वर आणायला लागलो. आकडे दिसले ते असे: ०२०, ०२३, ०१९, ०३१, ०२८. विमान भिवंडीकडे वळलं आणि वळतच राहिलं.

पॅनेल कसं दिसतं, बटणं किती, वायर किती लांब, हे सगळं विकणाऱ्याच्या पानावर आहे, ते मी लिहीत नाही. मी या एका नॉबबद्दल लिहिणार आहे, कारण या ऑटोपायलटवर जीपीएस जोडणं शेवटी याच नॉबवर येऊन थांबतं.

जानेवारीत १४,८०० रुपयांना घेतलं. मुलगी खानदेशात सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, करते आहे. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक खात्याच्या, नियमाने २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातल्या एकेका तासाची फी आम्ही महिन्याच्या खर्चातून बाजूला काढतो. ती ज्या सेसना १७२ वर शिकते तिच्यात केएपी १४० ऑटोपायलट आणि जीएनएस ४३० हे जीपीएस आहे. घरचे तास लॉगबुकात धरत नाहीत, हे माहीत होतं. पण बटणांचा क्रम घरीच हातात बसला, तर हवेतला महागडा तास बटणं शोधण्यात जाणार नाही, एवढा साधा हिशेब होता. ती सुट्टीवर येण्याआधी सगळं जुळवून ठेवावं म्हणून मी बसलो, आणि मग मलाच उठवेना.

पहिले दोन महिने मी पॅनेललाच दोष देत होतो. जीपीएसवर डायरेक्ट-टू, म्हणजे थेट तिकडे, दाबून शिर्डीचा कोड, व्हीएएसडी, टाकला, एंटर दोनदा दाबलं, नकाशावर गुलाबी रेषा आली. ऑटोपायलट लावला, नॅव्ह दाबलं. विमान रेषेकडे ढुंकूनही बघेना. पॅनेलचं नॅव्ह बटण खराब आहे असं धरून मी तक्रारीचा मेल लिहायला घेतला होता. त्या रात्री मुलीचा फोन आला.

"बाबा, ४३० च्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय? जीपीएस की व्हीलॉक?"

व्हीलॉक होतं. म्हणजे विमान रेषेच्या किती बाजूला आहे हे दाखवणारी सुई जीपीएसची नव्हतीच, रेडिओची होती, आणि ऑटोपायलट सुईमागे जातो. नकाशावरची रेषा त्याला दिसत नाही. सुई कुणाची ते बदलणारं सीडीआय बटण एकदा दाबलं, जीपीएस आलं, आणि विमान शहाण्यासारखं वळलं. तो मेल मी पुसून टाकला. कुणी हे पॅनेल नवीन घेतलं असेल आणि नॅव्ह चालत नसेल, तर आधी तो कोपरा बघा, विकणाऱ्याला फोन नंतर करा.

आता नॉबकडे येतो. ज्या १७२ मध्ये एचएसआय (दिशा आणि सुई एकत्र दाखवणारं यंत्र) नसून साधा डीजी (फक्त दिशा दाखवणारं यंत्र) असतो, तिथे ऑटोपायलटला आपल्याला कोणत्या कोर्सवर, म्हणजे रेषेच्या कोणत्या दिशेवर, जायचं आहे हे जीपीएसकडून कळत नाही. सुई डावीकडे आहे की उजवीकडे आणि किती, एवढंच कळतं. कोर्स त्याला सांगायचा तो हेडिंग बगने. म्हणून नॅव्ह दाबल्यावर एचडीजी (हेडिंग) हे अक्षर पाच सेकंद लुकलुकतं. त्या वेळात बग कोर्सवर आणायचा, माझ्या बाबतीत ०६८ वर. सुई लांब असेल तर नॅव्ह आर्म (रेषा गाठायची आहे) दिसतं, विमान ४५ अंशांच्या कोनात रेषेकडे निघतं आणि रेषा जवळ आली की आपोआप वळून तिच्यावर बसतं. बग ०२८ वर राहिला, तर ऑटोपायलट ०२८ हाच कोर्स धरून सगळं गणित करतो आणि तुम्ही भिवंडीला.

मला वाटायचं की पाच सेकंद म्हणजे मुदत, ती चुकली की सगळं परत. त्यामुळे नॉब मी घाईघाईने फिरवायचो. मुलीने ही समजूतही दुरुस्त केली. लुकलुकणं म्हणजे आठवण करून देणं. बग नंतर फिरवला तरी ऑटोपायलट तो कोर्स म्हणूनच वाचतो. उलट रस्त्यात वळण असेल तर प्रत्येक नव्या टप्प्याला बग नव्या कोर्सवर न्यावाच लागतो, आणि डीजी सरकत असल्यामुळे दर दहा-पंधरा मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवावा लागतो. डीजी चुकला तर बगचा कोर्सही चुकतो आणि आपण जीपीएसला नावं ठेवतो. मी ठेवली आहेत.

हे सगळं समजेपर्यंत एप्रिल संपला. तोवर पॅनेलबद्दल माझं मत खूप चांगलं झालं होतं. नॉबला फिरताना मधे मधे हलका खटका लागतो, एक खटका एक अंश. डोळे स्क्रीनवर ठेवून, खटके मोजत बग बरोबर जागी नेता येतो. माउसने हे होत नाही. माउसने बग फिरवताना बोट, डोळा आणि लक्ष तिन्ही एकाच ठिकाणी अडकतात.

मग पाऊस आला, आणि वर लिहिलेली भिवंडी घडली.

१९ जूनला तक्रार केली. वॉरंटी सहा महिन्यांची, म्हणजे जुलैअखेरपर्यंत होती. पहिलं उत्तर आलं की सॉफ्टवेअर पुन्हा टाका. टाकलं. मग व्हिडिओ मागितला. पाठवला. मग खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला, जानेवारीतला! तो कुठून आणणार? मग मूळ खोक्यासकट कुरिअर करा, खर्च तुमचा, असं आलं. खोका माळ्यावर होता, तो काढून ठेवला आणि पत्ता विचारला. पत्ता यायला तीन आठवडे लागले. १ ऑगस्टला उत्तर आलं की आता वॉरंटी संपली आहे, दुरुस्तीचे ४,२०० रुपये पडतील. तक्रार १९ जूनची आहे, हे मी चार वेळा लिहिलं, तारखेचा मेल जोडून. पाचव्यांदा लिहिलं नाही. १४,८०० च्या वस्तूचा एक नॉब ४,२०० ला, हे माझ्या मनाला अजून पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

पॅनेल पिशवीत घालून वागळे इस्टेटला गेलो. तिथे एक गृहस्थ लिफ्टचे आणि मशीनचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतात. त्यांनी मागची चार स्क्रू काढली, नॉबखालचा भाग बघितला आणि म्हणाले, "काका, हा तर साधा एन्कोडर आहे."

त्यांनी समजावलं ते असं. नॉबच्या आत दोन बारीक स्विच असतात, एकाच्या किंचित मागे दुसरा लागतो. आधी कुठला लागला यावरून नॉब कुठल्या दिशेला फिरला हे कळतं. खाडीकाठच्या दमट हवेत आतले पत्रे काळे पडतात, स्पर्श तुटक होतो, एकाच खटक्यात स्विच चार-पाचदा लागतो-सुटतो, आणि क्रम उलटा वाचला जातो. उजवा नॉब डावीकडे जाण्याचं कारण हे होतं. सॉफ्टवेअरचा काही संबंध नव्हता.

नवा ईसी११ जातीचा एन्कोडर ६० रुपये. त्यासोबत दोन पायांना ०.१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर लावले, थरथर गिळण्यासाठी, कारण मूळ बोर्डवर ते नव्हतेच. मजुरी २५० रुपये. अर्ध्या तासात काम झालं. मी बाहेर चहा घेत उभा होतो. ३१० रुपयांची गोष्ट ४,२०० ला सांगितली होती, यापेक्षा दोन रुपयांचे कॅपॅसिटर वाचवले होते, याचा राग मला जास्त आला.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच रात्री पुन्हा जुहू-शिर्डी लावलं. सुमारे ९५ नॉटिकल मैल, उंची ७,५०० फूट. मुद्दाम ३४० वरून २० नॉट वारा लावला, जवळजवळ पूर्ण डावीकडून. आधी फक्त एचडीजीवर ०६८ धरून सोडून दिलं. नाक बरोबर ०६८ ला आणि विमान दक्षिणेला सरकत चाललं. ११० नॉट वेगाला एवढा वारा म्हणजे साधारण १० अंशांचा फरक, आणि ६० मैलांत १ अंशाला १ मैल या जुन्या हिशेबाने १० मैल बाजूला. माळशेज गाठेपर्यंत मी जुन्नरच्या बाजूला गेलो होतो. मग पुन्हा सुरुवात केली. सीडीआय जीपीएसवर, एचडीजी, नॅव्ह, अक्षर लुकलुकलं, नॉब फिरवला. ०६८ वर थांबला. एकही आकडा मागे-पुढे नाही. नॅव्ह आर्म, मग वळण, मग आर्म गेलं आणि सुई मधोमध. नाक हळूहळू ०५८ वर आलं आणि तिथेच राहिलं, विमान मात्र रेषेवरून हललं नाही. डोंबिवली डाव्या हाताला, पुढे मुरबाड उजवीकडे, आणि घाट चढल्यावर उजवीकडे जवळ हरिश्चंद्रगड, डावीकडे लांब कळसूबाई. या दोघांच्या मधून जाताना मी नॉबवरचा हात काढला आणि मुलीला फोन लावला. रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते.

"बाबा, आता शिर्डीच्या दहा मैल आधी अल्टिट्यूड होल्ड काढून व्हीएसने, म्हणजे उतरायचा वेग ठरवून, खाली आण. आणि उतरताना ऑटोपायलट बंद, लाल बटणाने. विसरू नकोस."

गणपतीत ती चार दिवस घरी होती. पहिल्या दिवशी व्हीलॉक बघायला ती स्वतःच विसरली. चौथ्या दिवशी पडद्याकडे न बघता क्रम म्हणत होती. ते चार दिवस मला १४,८०० च्या वर वाटले.

घ्यावं का? नॅव्ह, एपीआर (उतरण्याचा मार्ग), एएलटी (उंची) ही बटणं सात महिन्यांत एकदाही चुकली नाहीत. दिवे ठीक, वायर ठीक. पण समुद्राच्या किंवा खाडीच्या जवळ राहत असाल तर पावसाळ्यात पॅनेल झाकून ठेवा, आणि पॅनेल आल्या दिवशी खोका उघडतानाचा व्हिडिओ नक्की काढा, कितीही विचित्र वाटलं तरी. नॉबने एकदा जरी उलटा आकडा दाखवला तर मेलामेलीत महिना घालवू नका. पाचपैकी तीन तारे देतो. विक्रीनंतरच्या वागणुकीचे दोन कापले.

कालपासून व्हीएसचा नॉब १०० ऐवजी कधी कधी २०० फुटांची उडी मारतोय. वागळे इस्टेटहून येताना दोन एन्कोडर जास्तीचे आणले होते, ते टेबलाच्या खणात आहेत. शनिवारी बदलतो.