बर्फाच्या कारखान्यातलं सुरक्षा प्रशिक्षण: पैसे वसूल झाले का?

रत्नागिरीत आमचा बर्फाचा कारखाना आहे, बाबांच्या मागे मी बघते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कामही कमी. म्हणून गेल्या जूनमध्ये कोल्हापूरहून एका प्रशिक्षकांना बोलावलं. दोन दिवस, बारा माणसं, चोवीस हजार रुपये.

बोलवायचं कारण तीन वर्षांपूर्वीचं. बर्फ गोठवायला आमच्याकडे अमोनिया गॅस वापरतात, त्यात कंप्रेसरचं ऑईल मिसळून साचतं. ते ऑईल काढताना व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, म्हणून आमच्या ऑपरेटरमामांनी तो आणखी उघडला. कचरा सुटला आणि ऑईलच्या मागून अमोनिया उसळला. मामांना एका डोळ्याने अजून अंधुक दिसतं. चूक आमची, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. कारखाना चार दिवस बंद राहिला. बोटवाले दुसरीकडून बर्फ घेऊ लागले, त्यातले काही परत आलेच नाहीत.

प्रशिक्षकांनी पहिला तासभर लॅपटॉप उघडलाच नाही. मामांना घेऊन थेट कंप्रेसरपाशी गेले, "रोज कसं करता ते दाखवा" म्हणाले. तिथेच ठरलं, ऑईलच्या लाईनला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवायचा. हात सोडला की आपोआप बंद.

मग गेटबाहेर पिंपळाखाली आमची जमायची जागा पाहिली. अमोनिया हवेपेक्षा हलका, पण द्रव सुटला तर गार ढग होऊन जमिनीलगत पसरतो. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, म्हणजे गॅस थेट पिंपळाकडेच! इतकी वर्षं आम्ही माणसांना तिकडेच पळायला सांगत होतो. आता छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आहे, ती बघून वाऱ्याला आडवं पळायचं.

डोळ्यांत गॅस गेला तर किमान पंधरा मिनिटं पाण्याने धुवायचे, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी घड्याळ लावून प्रत्येकाला नळाखाली डोळे उघडे ठेवायला लावले. चौथ्या मिनिटाला दोन पोरं बाजूला झाली. मीही उभी राहिले, पंधरा मिनिटं संपता संपेनात. नळ टाकीच्या मागे होता, तो दुसऱ्याच आठवड्यात कंप्रेसररूमच्या दाराशी आणला.

तक्रारीही आहेत. दुसऱ्या दिवशीचं हिंदी फार भरभर झालं. दाढीवर मास्क नीट बसत नाही, हे आम्ही विचारल्यावर सांगितलं. आणि रात्रपाळीतली चार माणसं राहूनच गेली. बर्फाची खरी घाई तर रात्रीच असते. रेटिंगमधला एक तारा त्यासाठी कापला.

सप्टेंबरात रात्री दीडला वास आला. मामांनी मास्क चढवला, गंधकाची कांडी पेटवून पाइपच्या जोडांवरून फिरवली; अमोनिया गळत असेल तिथे पांढरा धूर होतो. एका जोडापाशी पांढरा धूर दिसला, तेवढी लाईन बंद केली. सकाळी सातला बर्फ बोटींवर चढला होता.

दरवर्षी दिवाळीला गावी गेलेली दोन-तीन पोरं परत येत नसत. यंदा सगळी आली.

पुढच्या जूनसाठी त्यांनाच सांगून ठेवलंय, फक्त वर्ग रात्री अकराला सुरू करायचा.